पुसलेली जागा

१

हे आजारी पडले त्याच आठवड्यात मी नेम धरला. हे उठून बसतील, माझ्याशी बोलतील, तोवर ह्यांच्या फिशटँकची कामं आटोपल्याशिवाय सकाळी पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, आणि त्यातला एकही जीव माझ्या हलगर्जीपणाने जाऊ द्यायचा नाही.

नेम मला नवे नाहीत. लेकीच्या परीक्षेसाठी केले, जावेच्या बाळंतपणासाठी केले, शेजारच्यांची मांजर हरवली तेव्हा तिच्यासाठीही केला. हे हसायचे. "अगं, देवाला दुसरीही गिऱ्हाइकं असतात," म्हणायचे. पण कधी अंगात कणकण असली आणि मी पडून राहिले, की देवापुढचा दिवा गुपचूप हेच लावून ठेवायचे, आणि विचारलं तर "मी नाही बुवा" म्हणून कानावर हात ठेवायचे.

खाऱ्या पाण्याचा टँक ही ह्यांची हौस. इतकी वर्षं मी भाजी निवडता निवडता ते सगळं बघत आले होते, त्यामुळे काम पाठ होतं. जेवढं पाणी उडून जातं तेवढं गोडं पाणी भरायचं, कारण पाणी उडतं, मीठ उडत नाही. फेस ओढणाऱ्या यंत्राची वाटी धुवायची. खारेपणा मोजायचा. माशांना चिमूटभर खाणं, त्याहून जास्त नाही, कारण उरलेलं कुजतं आणि ते शेवाळाच्या पथ्यावर पडतं. आणि सगळ्यात शेवटी काच. काचेवर आतून रोज हिरवट साय धरते. ती काढायला चुंबकाची घासणी असते, एक तुकडा काचेच्या आत, एक बाहेर. बाहेरचा फिरवला की आतला त्याच्यामागे ओढला जातो. "आपल्या संसारासारखं आहे हे," हे म्हणायचे. "फिरवतेस तू, घासला जातो मी."

आता हे टँकच्या समोरच झोपून असत. आजाऱ्यासाठी आणलेली उंच खाट आतल्या खोलीच्या दारातून जाईना, म्हणून बैठकीच्या खोलीत लावली होती. उजवं अंग गेलं होतं. वाचा गेली होती. डोळे उघडे असत, पण ते कशावर ठरलेले नसत. डॉक्टर दारात चपला घालता घालता म्हणाले, "जे परत यायचं ते थंडी संपायच्या आत येईल. त्यानंतर मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

मी मान हलवली. रडू आलं नाही. दाढ काढल्यावर गाल जसा आपला असून आपला वाटत नाही, तशी मी आतून झाले होते. भांडी घासायचे, अंथरूण बदलायचे, दिवा लावायचे. हात आपले चालत होते.

२

एका सकाळी काच पुसायला गेले तर साय सगळीकडे सारखी धरली होती, एक जागा सोडून. बशीएवढी गोल जागा लख्ख होती. धुकं धरलेल्या खिडकीची काच कोणी तळव्याने पुसावी आणि बाहेर डोकावावं, अगदी तशी.

टँकमध्ये गोगलगाई होत्या, शंखात राहणारे छोटे खेकडे होते. शेवाळ खाण्यासाठीच त्यांना आणलेलं असतं. पण गोगलगाय चरते तेव्हा मागे वाकडीतिकडी वाट ठेवते, उसवलेल्या दोऱ्यासारखी. तिला कडा सांभाळता येत नाहीत. ह्या जागेला कड होती.

मी दुकानात फोन लावला. मासे विकणाऱ्याचं खरं नाव आमच्या घरात कोणी घेत नाही. ह्यांनी त्याचं नाव खारेशेठ ठेवलंय, आणि त्यालाही ते आवडतं.

"गोल?" खारेशेठ हसला. "वहिनी, गोगलगायीला गोल काढता आला असता तर मी तिला दुकानात कशाला ठेवली असती? शाळेत नसती घातली?"

"मग काय असेल?"

"एखादी एकाच जागी बसून खात असेल. आपल्यातही असतात की असे, ताटावर बसले की उठायचं नाव नाही. साहेब कसे आहेत?"

"आहेत तसेच."

"होतील हो, होतील. तुमच्या नेमावर माझाही भरवसा आहे."

मला बरं वाटलं. चुंबक फिरवून काच एकसारखी पुसली आणि मग चहा घेतला. दुसऱ्या दिवशी साय पुन्हा होती आणि गोलही पुन्हा होता, त्याच जागी. ह्यांची उशी सारखी करायला मी खाटेच्या कडेवर टेकले आणि सहज समोर पाहिलं. ह्यांचा चेहरा आणि तो गोल अगदी समोरासमोर होते. मधे काहीच नव्हतं.

३

मग एकदा चुंबक निसटला. आतला तुकडा सुटून दगडांच्या मागे वाळूत पडला आणि ह्यांच्या लांब चिमट्यालाही तो काही लागेना. बाकीची कामं केली, काच तशीच राहिली. नेम धरताना मी 'कामं' म्हटलं होतं, काचेचं वेगळं नाव घेतलं नव्हतं, अशी स्वतःची समजूत घातली आणि देवापुढे एक वात जास्त लावली. असे काही दिवस गेले.

"काकू! काकू, हातातलं टाका आणि इकडे या!"

व्यायाम करवायला येणारी मुलगी नेहमीच घाईत बोलते, पण ही हाक वेगळी होती. मी पिठाच्या हातांनीच धावले. ह्यांचा उजवा हात, इतके दिवस ओल्या कपड्यासारखा पडलेला, चादरीवर फिरत होता. तळवा सपाट, बोटं जुळलेली. लहान, सावकाश गोल.

"ही हालचाल मी शिकवलेली नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "काका, मला टाटा करताय की चादर पुसताय? काहीही करा, पण थांबू नका."

मला तेव्हा काय वाटलं ते सांगायला गेले तर, काहीच वाटलं नाही हेच खरं होईल. मी ह्यांच्या हाताकडे पाहिलं, मग मान वर करून समोर पाहिलं. काचेवर दाट हिरवं होतं आणि त्यात तो गोल, ताजा पुसलेला. त्याच्या कडेला खरवडलेल्या शेवाळाची बारीक गुंडाळी लोंबत होती.

त्याच संध्याकाळी चुंबकाचा तुकडा हाती लागला. मी काच लख्ख केली. दुसऱ्या दिवशी हात हलला नाही. त्यानंतरही नाही. मग मी काच पुसायची सोडून दिली. साय धरली, तसा हात पुन्हा फिरायला लागला. एकदा झालं असतं तर योगायोग म्हटलं असतं. मी पुन्हा करून पाहिलं, आणि पुन्हा तसंच झालं.

मी देवाधर्माची बाई आहे, भुताखेतांची नाही. म्हणून मनाला शांतपणे समजावलं, की खोलीतला उजेड कमी-जास्त झाला की ह्यांच्या डोळ्यांना कळत असेल, आणि मेंदू बिचारा त्यावरून हात हलवून बघत असेल. डॉक्टरांना विचारलं असतं तर तेही असंच काहीतरी म्हणाले असते. मी विचारलं नाही.

४

शेवाळ घालवायची शंभर पथ्यं असतात. वाढवायचं तर ती फक्त मोडायची. ह्यांनी जे जे करू नकोस म्हणून बजावलं होतं, ते सगळं मी करायला लागले. टँकचा दिवा उजाडल्यापासून निजेपर्यंत चालू. चिमटीऐवजी मूठ. फेस ओढणारं यंत्र बंद. सायीचे केस झाले, केसांच्या बटा झाल्या, आणि पाण्याच्या झोताबरोबर सगळ्या एकाच बाजूला झुकायला लागल्या. खोलीला ओहोटीनंतरच्या किनाऱ्याचा वास यायचा. मला तो नंतर नंतर कळेनासा झाला.

आणि ह्यांचा हात कोपरापर्यंत जागा झाला.

गोगलगाई शेवाळ खात होत्या, म्हणजे ह्यांच्या वाटचं काम खात होत्या. त्यांना मारायचं तर नव्हतं. मग त्यांना आणि खेकड्यांना डब्यात घालून दुकानात नेलं.

"वहिनी," खारेशेठ डोकं खाजवत म्हणाला, "लोक शेवाळ झालं की गोगलगाई न्यायला येतात. तुम्ही शेवाळ झालं म्हणून परत द्यायला आलात?"

"मला जमत नाही हो आता इतक्यांचं."

"अहो, त्याच तर तुमचं जमवत होत्या!"

पण घेतल्या त्याने. शेवाळ हा जीव धरायचा की नाही, हे मी देवाला कधी विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज उरली नव्हती. ते काही मरत नव्हतं.

लेकीला ह्यांच्या हाताचा व्हिडिओ पाठवला. तिचा लगेच फोन आला. आधी ती रडली, मग नाक ओढत म्हणाली, "आई, मागे टँक किती घाण झालाय गं! बाबांच्या लक्षात आलं तर घर डोक्यावर घेतील."

"घेऊ देत," मी म्हटलं. "तेवढंच तर हवंय."

५

हाताला जोर यायला लागला तशी व्यायामवाली मुलगी म्हणाली, "काकू, खाट फिरवूया. मला काकांच्या उजवीकडे उभं राहायला जागा हवी." आम्ही दोघींनी खाट ओढून आडवी केली. ह्यांचं डोकं टँकच्या लांब काचेसमोरून हललं आणि बाजूच्या अरुंद काचेसमोर आलं.

सकाळी पाहिलं तर जुना गोल हिरव्याने भरून गेला होता. नवा अरुंद काचेवर होता.

मी खाट पुन्हा फिरवून पाहिली नाही. हिंमत नव्हती असं नाही. उत्तर ठाऊक होतं.

त्या सुमाराला मासे पहाटे पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. अंधारात शेवाळ पाण्यातली हवा ओढून घेतं, हे ह्यांनीच कधीतरी सांगितलेलं. माझ्या नेमाला बट्टा लागेल म्हणून मी खारेशेठला घरी बोलावलं आणि सांगितलं, घेऊन जा सगळे. त्याने जाळीने मासे धरून पिशवीत सोडले, आणि मग उठता उठता थबकला.

"खाणं किती टाकता?"

"मूठभर."

"मूठ? रोज?" तो वाकून तळाकडे बघायला लागला. "शेवाळ पाण्यात विरघळलेलं पितं, ते ठीक. पण तळाला एखादा कण नको का दिसायला? वाळू बघा, झाडल्यासारखी आहे. गोगलगाई नाहीत, खेकडे नाहीत. ह्या माशांची तर पोटं खपाटीला गेलीत. मग खातंय कोण?"

"तुम्हीच सांगा."

"दगडांबरोबर कधी कधी एखादा पाहुणा येतो. मोठा किडा म्हणा, खेकडा म्हणा. दगडाच्या पोटात राहतो, वर्षानुवर्षं दिसत नाही." त्याने खिशातून टॉर्च काढला, अरुंद काचेसमोर गुडघ्यांवर बसला आणि पुसलेल्या जागेला डोळा लावला.

खोलीत पाण्याच्या मोटारीची घरघर तेवढी होती. बघता बघता खारेशेठ किंचित मागे सरला, मान झुकवली आणि अगदी सहज म्हणाला, "नमस्कार, साहेब." मग हसऱ्या चेहऱ्याने मागे वळला. "वा, उठून बस..."

हे पाठीवर सपाट पडलेले होते. डोळे मिटलेले.

"काचेत दिसले मला," खारेशेठ म्हणाला. "मागे बसलेले. खाटेवर. प्रतिबिंब पडतं ना." त्याने पुन्हा खाटेकडे पाहिलं. "उशी असेल."

उशी ह्यांच्या डोक्याखाली होती. तो चहाला थांबला नाही. माशांची पिशवी छातीशी धरून निघून गेला आणि टॉर्च जमिनीवर जळत राहिला. मी तो बंद करून फळीवर ठेवला.

मला भीती वाटली नाही. एकच गोष्ट कळली, आणि ती धरून मी दिवसभर घरात फिरत होते. कुठेतरी हे उठून बसले आहेत.

६

आता टँकमध्ये मरण्यासारखं कोणी उरलंच नव्हतं. नेम शाबूत होता. मी रोज पाणी भरायची, खाणं टाकायची, ते खाली जाताना बघायची आणि मग दिसेनासं झालं की चहा ठेवायची.

पुसलेल्या जागेशी बोलायची सवय कधी लागली ते आठवत नाही. "अहो, आज ऊन छान पडलंय." "अहो, लेक पुढच्या महिन्यात येते म्हणालीय." आधी तिथे सांगायची, मग खाटेशी येऊन तेच पुन्हा. खाटेवरचे डोळे छताकडे असायचे.

"काकू, काकांच्या नखांत काय गेलंय हो?" एकदा त्या मुलीने ह्यांची बोटं उजेडात धरली. नखांच्या खाली हिरवं होतं. "कसला रंग हा?"

"भाजीचा असेल."

"म्हणजे काका भाजी निवडायला लागले? मग माझं काम संपलं!" ती हसली. मग बोटांची टोकं नीट बघितली आणि हसायची थांबली. कातडी सोलवटली होती. तिने चादरीवरून हात फिरवून पाहिला. चादर जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली होती.

ती गेल्यावर मी साबणाने ह्यांची नखं धुतली. पाण्याला ओहोटीचा वास आला.

त्यानंतर हात मंदावला. थोडा फिरायचा, थांबायचा, पुन्हा फिरायचा. काचेवरचा गोल बशीएवढा होता तो वाटीएवढा झाला, मग नाण्याएवढा. आजूबाजूचं शेवाळ बोटभर लांब झालं होतं. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, "हात आला, ही मोठी गोष्ट. पण वाचेचं... बघा, थंडी तर संपत आली." व्यायामवाली म्हणाली, "थकलेत, काकू. किती राबवायचं एका माणसाला?"

ते माझ्या मनाला लागलं. मी रोज दिवा लावून, मूठ मूठ खाणं टाकून ह्यांच्या समोरची भिंत जाड करत होते, आणि हे रोज ती पुसून काढत होते. कशासाठी? तर पलीकडे दिसावं म्हणून. नेम माझा, आणि बोटं सोलवटत होती ह्यांची.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे दिवा लावला. काही मागितलं नाही. मग स्पंज घेतला, बांगड्या काढून फळीवर ठेवल्या, आणि स्टुलावर चढून हात खांद्यापर्यंत टँकमध्ये घातला. चुंबकाने हे निघणारं नव्हतं, आणि चिमटा नको वाटला.

पाणी कोमट होतं, अंगाइतकंच. हात कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. शेवाळ पापुद्र्यांनी सुटायला लागलं. सुटलेलं सगळं पाण्यात फिरत राहिलं आणि आतलं काही दिसेनासं झालं, पण काच मोकळी होत गेली. आधी लांब काच, मग अरुंद. फरशीवर उजेडाचा पट्टा पडला. मागे चादरीवर हात फिरण्याचा आवाज येत होता, सूं, सूं, आणि मग तो थांबला.

"झालं हं," मी म्हटलं. "आता नाही पुसायला लागणार."

तेव्हा पाण्यात कोणीतरी माझं मनगट धरलं.

दचकावं असं ते धरणं नव्हतं. आजाऱ्याचा हात धरतात तसं, अलगद, बोटं भोवती घेऊन, अंगठा नाडीवर ठेवून. मी हात मागे घेतला नाही. इतक्या महिन्यांनी मला पहिल्यांदा काहीतरी जाणवत होतं. भूल उतरताना गालाला मुंग्या येतात तशा माझ्या सगळ्या अंगाला आल्या, आणि डोळ्यांना धार लागली.

"आलात?" मी म्हटलं.

दाराची बेल वाजली. व्यायामवालीची वेळ झाली होती.

"ती मुलगी आली बघा. दार उघडते आणि येतेच."

अंगठा नाडीवरून हलला नाही. बेल पुन्हा वाजली.

"येते म्हटलं ना. पुन्हा घालीन हात, शब्द देते." मला हसू यायला लागलं, नव्या नवरीला येतं तसं. "अहो, सोडा ना हात. काय म्हणेल ती?"

"कोणाचा हात?"

आवाज मागून आला. घोगरा, पुष्कळ दिवस न वापरलेला, आणि किंचित वैतागलेला. झोपमोड झाली की ह्यांचा असतो, तसाच. खाट करकरली.

"अगं, कोणाशी बोलतेस तू? बेल वाजतेय केव्हाची."

माझा नेम फळाला आला होता. पाण्यात फिरणारं शेवाळ हळूहळू खाली बसायला लागलं होतं, आणि माझ्या मनगटाभोवतीची बोटं दिसायला लागली होती. मी त्यांच्यावरून नजर काढली आणि नुकत्याच पुसलेल्या काचेकडे पाहिलं. काचेत आमची खोली होती. खाटेवर हे बसले होते, पाय खाली सोडून, केस विस्कटलेले, माझ्याकडेच बघत.

"आले, आले," मी म्हटलं, आणि हात ओढला.

हात आला नाही.